बाईंची चूक

तक्रारीचे पत्र आले की कचेरीत पहिला प्रश्न ‘काय बिघडले?’ हा नसतो. ‘कोणाच्या गळ्यात घालायचे?’ हा असतो. आपणही कधी ना कधी अशा टेबलाभोवती बसलेलो आहोत. तेव्हा ही गोष्ट परक्याची समजून वाचू नये, एवढीच विनंती.

टायरच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर नऊ माणसांची एक कंपनी होती. खिडकी उघडली की रबराचा वास आत येई, बंद केली की यंत्रांचा खडखडाट आत कोंडून राही. ही मंडळी ब्रेल छापणारे यंत्र बनवत. यंत्राचे कागदोपत्री नाव भारदस्त होते, पण सगळे त्याला ‘डबा’च म्हणत. संगणकावरचा मजकूर डब्याला द्यायचा, की जाड कागदावर ठिपक्यांचे उठाव काढून डबा पान बाहेर टाकी. ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही, ती मुले बोटांनी ते पान वाचत.

डब्याच्या आतले सॉफ्टवेअर ज्याच्या हाती होते, त्याला सगळे ‘काटेकोर’ म्हणत. वय बेचाळीस. टेबलावरच्या पेन्सिलीसुद्धा उंचीप्रमाणे लावलेल्या. प्रोग्राममध्ये एक मोकळी जागा जास्त पडली तरी याला घास गोड लागत नसे. रिसेप्शनवरची ताई म्हणे, “काटेकोर साहेबांना शिंक आली तर आधी तारीख टाकतील, मग शिंकतील.”

अशा माणसाने नऊ दिवसांपूर्वी एका पत्रावर डोळे मिटून सही केली होती.

झाले होते असे. परीक्षा मंडळाने कंपनीला विचारले होते की, अंध मुलांच्या एका शाळेतील विद्यार्थिनीची तक्रार आली आहे. गणिताची प्रश्नपत्रिका तुमच्या यंत्रावर चुकीची छापली गेली, असे तिचे म्हणणे आहे. असे होऊ शकते का? कंपनीच्या मालकाने, म्हणजे दादाने, उभ्याउभ्या उत्तर सांगितले होते. ‘आमचे सॉफ्टवेअर संपूर्णपणे आमच्याच कंपनीने तयार केलेले व कसून तपासलेले आहे. असा दोष संभवत नाही. छपाई करणाऱ्या व्यक्तीकडून चुकीचे बटण दाबले गेले असावे.’ खाली तांत्रिक प्रमुख म्हणून काटेकोरची सही.

यातले पहिले वाक्य खोटे आहे, हे त्याला ठाऊक होते. दुसरे खरे की खोटे, हे त्याने तपासले नव्हते. मंगळवारी सकाळी तिसरे वाक्य स्वतःच जिना चढून आले.

“चुकीचं बटण दाबणारी व्यक्ती आली आहे, असं आत सांगा,” दारात उभ्या असलेल्या बाई ताईला म्हणाल्या.

साठीला टेकलेल्या, हातात पांढरी काठी, खांद्याला कापडी पिशवी. अंध मुलांच्या शाळेत गणित शिकवणाऱ्या, आणि स्वतःही जन्मापासून अंध. ताईने त्यांना खुर्ची दिली. दादा आणि काटेकोर समोर येऊन बसले.

“तुमच्या जिन्याला चौतीस पायऱ्या आहेत आणि सतरावी फुटली आहे,” बाई म्हणाल्या. “एवढं माझ्या पायांना कळलं. बोटांना काय कळलं ते सांगायला आले आहे.” त्यांनी पिशवीतून जाड कागद काढून टेबलावर ठेवले. “ही ती प्रश्नपत्रिका. इथे ब्रेल कोणाला वाचता येतं?”

ताई खाली बघू लागली, दादाने घसा खाकरला. पाच-सहा वर्षे ब्रेलची यंत्रे विकणाऱ्या त्या नऊ माणसांत एकालाही ब्रेल वाचता येत नव्हते! काटेकोरला आयुष्यात प्रथमच हे जाणवले आणि त्याचे कान तापले.

“बरं,” बाई म्हणाल्या. “मग मीच वाचते. परीक्षेत गणित होतं, एक भागिले दोन, म्हणजे अर्धा, अधिक तीन. उत्तर?”

“साडेतीन,” दादा वर्गात बसल्यासारखा म्हणाला.

“शाबास. ब्रेलमध्ये अपूर्णांक सुरू झाला की एक खूण असते आणि संपला की दुसरी. तुमच्या डब्याने संपल्याची खूण खाल्ली. मग पोरीच्या बोटांना काय लागलं? एक भागिले, दोन अधिक तीन. तिने लिहिलं एक पंचमांश. समोर होतं ते अचूक सोडवलं आणि शून्य मिळालं. अशी सात गणितं. नापास झाली. पुढच्या वर्गातला तिचा प्रवेश अडकलाय. प्रश्नपत्रिका सीलबंद येते, परीक्षेच्या सकाळी मीच छापायची, आधी वाचायची मनाई. त्यामुळे मला पत्ता नाही. आता मंडळ म्हणतं, डबा चुकत नाही असं कंपनीने लेखी दिलंय, म्हणजे चूक बाईंची. हरकत घ्यायची मुदत शुक्रवारी संपते.”

“बाई, ऐकून वाईट वाटतं,” दादा म्हणाला. “पण अक्षरांचे ठिपके करणारा जो तक्ता आत असतो, तो आम्ही स्वतः, रात्रीचा दिवस करून—”

“तो तक्ता माझा आहे,” बाई शांतपणे म्हणाल्या.

दादाने काटेकोरकडे पाहिले.

“गणिताच्या खुणांचा तक्ता मी लिहिला. बारा वर्षं, शाळा सुटल्यावर. बाकीचा प्रोग्राम जगभरातल्या लोकांनी असाच लिहिलाय, मोकळ्या वेळात. आणि ही खूण गळण्याची चूक, तीही माझीच. अपूर्णांकाला चिकटून अधिक किंवा वजा आलं की ती गळायची. सहा वर्षांपूर्वी मी ती केली, अकरा महिन्यांनी दुरुस्त केली आणि सगळ्यांना कळवलं. आज जगात ती चूक, माझ्या माहितीप्रमाणे, कुठेच नाही. तुमच्या डब्यात सोडून.”

“योगायोग असू शकतो,” दादा म्हणाला.

“साहेब, पस्तीस वर्षं पेपर तपासतेय. दोघांचं उत्तर सारखं आलं तर योगायोग म्हणून सोडते. चूक सारखी आली तर दोघांना उभं करते.”

कोपऱ्यात ताईला हसू आवरेना. काटेकोरला मात्र जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरे, असे झाले.

वाचकहो, येथे थोडे थांबून सांगायला हवे. असे पुष्कळ प्रोग्राम जगात आहेत, जे लिहिणाऱ्यांनी सर्वांसाठी खुले करून ठेवले आहेत. त्यांच्याबरोबर एक परवाना असतो. या प्रोग्रामचा परवाना साधा होता. घ्या, वापरा, बदला, हवे तर विकासुद्धा. फक्त आमची नावे आणि हा परवाना सोबत राहू द्या. आणि ज्याला द्याल, त्याने मागितला तर मूळ प्रोग्रामही त्याला द्या, म्हणजे तोही तो दुरुस्त करू शकेल. अटी एवढ्याच. त्या पाळायला पैसा लागत नव्हता, मोठेपणा लागत नव्हता. दोन फायली डब्यात जास्त ठेवल्या असत्या तरी पुरले असते.

पण पहिला मोठा ग्राहक यायचा होता तेव्हा दादा म्हणाला होता, “एकवीस परक्या लोकांची नावं आत दिसली तर गिऱ्हाईक म्हणेल, फुकटचं आहे, मग तुम्हाला कशाला पैसे द्यायचे?” आणि काटेकोरने एका दुपारी अकरा ओळींचा छोटा प्रोग्राम लिहून प्रत्येक फाइलच्या डोक्यावरची नावे काढून टाकली होती. परवान्याची फाइल पुसली होती. काम नीट झाले की नाही, हे स्वभावाप्रमाणे दोनदा तपासले होते. एकही नाव उरले नव्हते!

“परवान्याप्रमाणे शाळेला आतला मूळ प्रोग्राम मागायचा हक्क आहे,” बाई उठत म्हणाल्या. “शाळेतर्फे मी तो मागते आहे. तक्ता उघडा समोर ठेवला की मंडळापुढे दहा मिनिटांत चूक दाखवते.”

“विचार करून कळवतो,” दादा म्हणाला. ज्यांना विचार करायचा नसतो ते हेच वाक्य म्हणतात.

काटेकोर त्यांना सोडायला जिन्यापर्यंत गेला. “फुटलेल्या पायरीपर्यंत येतो,” असे काहीतरी पुटपुटला. बाई एकेक पायरी उतरत होत्या.

“मला एक नवल वाटतं,” त्या म्हणाल्या. “माणसं उचलेगिरी करतात ते कळतं. पण नावं काढायला कोणीतरी मुद्दाम बसलं असेल. किती वेळ लागला असेल हो त्याला?”

“एक दुपार,” काटेकोरच्या तोंडून निघून गेले.

काठी थांबली.

“अच्छा. तुम्ही होय.”

पळून जावे तर जिना एकच. काटेकोर कठड्याला धरून उभा राहिला. “बाई, मी... तो प्रोग्राम फुकटच होता, म्हणून तेव्हा वाटलं...”

“फुकट होता, बेवारस नव्हता. सार्वजनिक नळावर कोणीही पाणी प्यावं, त्यासाठीच तो बसवलाय. तुम्ही नळ उपटून घरी नेलात आणि वर म्हणालात, ही आमची विहीर! नावाचं मला काही नाही. माझं नाव आई सोडून कोणी धड उच्चारलेलं नाही. पण ते तिथे असतं, तर डबा घेणाऱ्या कुठल्याही शाळेला कळलं असतं की हा प्रोग्राम कुठला, कोणाला विचारायचं, नवी आवृत्ती कुठे मिळते. नावं म्हणजे पत्ता असतो. तुम्ही पत्ता पुसलात, म्हणून दुरुस्तीचं पत्र पोचलं नाही.”

काटेकोर एक पायरी खाली उतरला.

“आणि एक सांगू? मलाही लाज वाटतेय. माझ्याच हातची चूक माझ्याच पोरीला भोवली. पण चूक सापडली तेव्हा लाज वाटली, म्हणून मी ती चव्हाट्यावर मांडली. तुम्हाला लाज वाटली, म्हणून तुम्ही ती झाकली. फरक एवढाच.” काठी पुन्हा टकटक करू लागली. “आता सतरावी आली का? मग जा वर. शुक्रवार लांब नाही.”

त्या संध्याकाळी तो जेवायला बसला आणि मुकाट्याने जेवू लागला. बायको वाढत होती.

“आज मीठ कमी आहे म्हणाला नाहीस. कंपनी बुडाली की काय?”

त्याने सगळे सांगितले. पाच वर्षांत तिलाही सांगितले नव्हते.

“म्हणजे मी शेजारपाजारी सांगत होते, माझ्या नवऱ्याने अख्खा प्रोग्राम एकट्याने लिहिला,” ती म्हणाली. “आणि तू बाजूला उभा राहून ऐकत होतास.”

“अडवायला हवं होतं.”

“हो. हवं होतं.” तिने ताट उचलले. ती चिडली असती तर बरे वाटले असते. तिने विषयच सोडून दिला, ते जास्त लागले.

बुधवारी तो सर्वांच्या आधी कचेरीत पोचला. त्या प्रोग्रामवर काम करणाऱ्यांची एक ई-मेल टपालयादी होती; एकाचे पत्र सगळ्यांना जाई. पूर्वी तो ती रोज आवडीने वाचत असे. नावे पुसली त्या दिवसानंतर मात्र त्याला ती वाचवेना. प्रत्येक पत्राखाली त्याच एकवीसांपैकी कोणाचे तरी नाव असे, आणि ते नाव आपल्याकडे टक लावून बघते आहे असे वाटे. म्हणून त्याने अशी सोय करून ठेवली होती की, ती पत्रे आली की परस्पर एका बाजूच्या कप्प्यात जाऊन पडावीत. कप्प्याला नाव दिले होते ‘नंतर’. त्यात आता सहा हजारांवर न वाचलेली पत्रे होती.

त्याने बाईंचे नाव शोधले. पत्र सापडले. पाच वर्षांपूर्वीचे.

‘माझ्याकडून एक चूक झाली आहे. अपूर्णांकानंतर लगेच अधिक किंवा वजा आल्यास बंद करणारी खूण छापली जात नाही. माझ्या एका विद्यार्थ्याने ती दाखवून दिली, त्याचे आभार. दुरुस्त तक्ता सोबत आहे. कृपया लगेच बदलावा. मुले परीक्षेला बसतात.’

मुले परीक्षेला बसतात! तीन शब्द. पाच वर्षे ते पत्र त्याच्याच संगणकात, त्याच्या हातापासून वीतभर अंतरावर पडून होते! अपघात नव्हता, दुर्दैव नव्हते, अज्ञानसुद्धा नव्हते. त्याला उघडायची लाज वाटली होती, एवढेच. आणि एकदम दुसरा विचार आला. या शाळेने डबा ऐन परीक्षेच्या तोंडावर घेतला होता. पण बाकी चाळीस ठिकाणी तो वर्षानुवर्षे चालू आहे. तिथे किती मुलांनी अर्धा अधिक तीनचे उत्तर एक पंचमांश लिहिले असेल आणि स्वतःलाच ‘ढ’ समजून गप्प बसली असतील? त्यांच्याकडे या बाई नव्हत्या!

दादा आला तेव्हा काटेकोर पत्र छापून घेऊन उभा होता. दादाने ते वाचले. मग पुन्हा वाचले.

“ठीक आहे,” तो म्हणाला. “तक्ता आजच बदल. सगळ्या डब्यांना गुपचूप पाठवून दे. नेहमीची सुधारणा म्हणून. कोणाला कळणार नाही.”

“त्या मुलीचं काय?”

“पुढच्या वर्षी बसेल परीक्षेला. अरे, एका वर्षाने काय—”

“दादा, तिला वर्ष लागेल आणि आपल्याला एक पत्र लागतं.”

“पत्रात काय लिहिणार? की आम्ही खोटं बोललो? दुसऱ्याचं आपलं म्हणून विकलं? मग आपलं काय उरलं रे?” दादाचा आवाज चढला. बाहेरची यंत्रे कोणीतरी बंद केली. सगळे ऐकत होते.

काटेकोर वाद घालणारा माणूस नव्हे. पण त्या दिवशी शब्द आले. “डबा उरला. पत्रा आपला, मोटर आपली, टोचणीची बनावट आपली. गावोगाव जाऊन शिकवतो ते आपलं. रात्री फोन आला तरी उचलतो ते आपलं. लोक त्याचे पैसे देतात, आणि परवान्यात विकायला मनाई नाहीच. आपण विकलं हे चुकलं नाही. पुसलं ते चुकलं. आणि पुसणारा हात माझा आहे, तेव्हा पत्रावर सही माझी राहील. तू मला काढून टाकलंस तरी आज मी ते पत्र देणार.”

“धमकी देतोस?”

“नाही रे. भीतीच वाटतेय. पण काल त्यांनी ब्रेल कोणाला येतं विचारलं, आणि आपण सगळे खाली बघत बसलो. मला पुन्हा तसं बसायचं नाहीये.”

दादा खिडकीशी गेला. मग वळला आणि म्हणाला, “पहिल्या पत्राचं ते चुकीच्या बटणाचं वाक्य मी सांगितलं होतं. तू नव्हे. दोन सह्या कर. म्हणजे, एक तू कर, एक मी करतो.”

पत्र मंडळात गुरुवारी पोचले. त्यात काहीही गुळमुळीत नव्हते. प्रोग्राम कोणाचा, तो कोणत्या परवान्याखाली मिळाला, कोणत्या अटी मोडल्या, चूक कुठे आहे आणि आधीचे पत्र खोटे कसे होते, सगळे ओळीने लिहिले होते. सोबत मूळ प्रोग्राम जोडला होता. तसेच पत्र चाळीसही ग्राहकांना गेले, आणि त्या टपालयादीवरही. यादीवर काहींनी खरमरीत सुनावले. एकाने फक्त ‘बरे झाले सांगितलेत’ एवढेच लिहिले. तीन ग्राहकांनी डबे परत केले. दादा आठवडाभर कोणाशी बोलला नाही.

मंडळाने ती सात गणिते मुलीला नव्याने सोडवायला दिली. त्याच दिवशी काटेकोर शाळेत गेला. पंधरा-सोळा वर्षांची ती मुलगी बाईंच्या शेजारी बाकावर बसली होती. त्याने घरून तीन वाक्ये पाठ करून आणली होती, एकही आठवेना.

“मी डबा बनवणारा,” तो म्हणाला. “तुझी क्षमा मागायला आलोय. चूक तुझी नव्हती. बाईंचीही नव्हती. त्यांनी वेळेवर सांगितलं होतं, मी ऐकलं नाही.”

“माहीत आहे मला. बाईंनी सांगितलं,” मुलगी म्हणाली. “काका, दोन महिने माझी आई म्हणत होती, हिला साधा अर्धा कळत नाही. मलाही तसंच वाटायला लागलं होतं. ते तुम्ही कसं भरून देणार?”

काटेकोर म्हणाला, “नाही देता येणार.”

“मग आईला येऊन सांगा. तुमच्या तोंडून. घर जवळच आहे.”

“काय सांगू?”

“हेच, की त्या सात गणितांत तुम्ही नापास झालात, मी नाही.”

बाई हसल्या नाहीत. त्यांनी फक्त काठी उचलली आणि म्हणाल्या, “चला, मीही येते. माझाही वाटा आहे त्यात.”

आणि तिघे निघाले. अनोळखी घरात एका आईसमोर उभे राहून काटेकोरने ते वाक्य जसेच्या तसे म्हटले. आईने आधी त्याच्याकडे पाहिले, मग मुलीकडे. मग ती मुलीजवळ गेली आणि तिचे डोके तिने पोटाशी धरले. काटेकोरकडे पुन्हा कोणी लक्ष दिले नाही, आणि तेच योग्य होते.

वाचकहो, लाज वाईट नसते. ती बोलून दाखवली तर माणसाला कामाला लावते. दडवली तर दुसऱ्याच्या लेकराला नापास करते. जगात कितीतरी गोष्टी अनोळखी माणसांनी आपल्यासाठी उघड्या ठेवल्या आहेत. त्या खुशाल घ्याव्यात, वापराव्यात, त्यांवर पोटही भरावे. पण देणाऱ्याचे नाव पुसू नये, त्याने घातलेली अट क्षुल्लक समजू नये, आणि जे दार आपल्याला उघडे मिळाले ते आपल्या मागून येणाऱ्यासाठी बंद करू नये. ती अट नुसती मानपानासाठी घातलेली नसते. त्या दाराने उद्या कोण येणार आहे, हे आपल्याला कुठे ठाऊक असते!